गरम ट्रान्सफॉर्मर, उकळणाऱ्या बॅटऱ्या: फायर पंपाच्या चार्जरची तपासणी

दादरच्या एका १९ मजली सोसायटीच्या तळघरात आगीसाठीचा डिझेल पंप आहे. इंजिनाचा स्टार्टर २४ व्होल्टचा. त्यासाठी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या, पाणी घालाव्या लागणाऱ्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडलेल्या, आणि त्या भरलेल्या ठेवायला भिंतीवर २४ व्होल्ट, १० अँपिअरचा चार्जर. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. जुलैच्या त्या तपासणीत इंजिन फिरलंच नाही. स्टार्टरच्या सोलेनॉइडची (विजेने ओढला जाणारा स्विच) नुसती टकटक, आणि बॅटरीचा व्होल्टेज १४ पर्यंत खाली.

सोसायटीकडून कळलेली लक्षणं अशी. बॅटऱ्यांचा हा चौदा महिन्यांतला दुसरा जोड. पाणी दर आठवड्याला घालावं लागतं. चार्जरचा ३ अँपिअरचा ग्लास फ्यूज महिन्यातून दोन-तीनदा जायचा, मग कोणीतरी ६ अँपिअरचा बसवला आणि फ्यूज जाणं थांबलं. चार्जरच्या पत्र्याला हात लावून ठेवता येत नाही. पंप ऑपरेटरचं म्हणणं, "साहेब, पंपरूमचं दार उघडायच्या आधीच घुंई ऐकू येते." इलेक्ट्रिशियनचं निदान तयार होतं: ट्रान्सफॉर्मर बसला, रिवाइंडिंगला (तार नव्याने गुंडाळायला) द्या.

ट्रान्सफॉर्मर बसलेला नव्हता. तो तसाच रिवाइंडिंगला गेला असता तर नवी वाइंडिंगही त्याच उष्णतेत भाजून निघाली असती, कारण बिघाड त्याच्या पुढे होता, आणि एक नाही, दोन.

चार्जरची रचना

५०० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) ट्रान्सफॉर्मर, प्रायमरी म्हणजे पुरवठा घेणारी वाइंडिंग २३० व्होल्ट, सेकंडरी म्हणजे पुढे देणारी ३२ व्होल्ट. पुढे एसीचा डीसी करणारा अर्धनियंत्रित ब्रिज: वरच्या दोन भुजांत एससीआर (गेटला पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, मिळाल्यावरच चालू होणारे), खालच्या दोन भुजांत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे). चोक नाही, फिल्टर कपॅसिटर नाही. बॅटरी हाच फिल्टर. दोन्ही एससीआरचे कॅथोड एकत्र येऊन पॉझिटिव्ह टर्मिनल होतं. रेग्युलेटर कार्डाला वेगळा छोटा १५-०-१५ ट्रान्सफॉर्मर, त्यावर अधिक-उणे १२ व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या ७८१२ आणि ७९१२ या चिप, तुलनेसाठी एलएम ३२४ ही चिप, आणि शेवटी दोन सेकंडरींचा एक पल्स ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक गेटला एक सेकंडरी. बॅटरीच्या टर्मिनलवरून सेन्सच्या दोन बारीक तारा कार्डावर येतात. करंट मोजण्यासाठी १५ अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणारा शंट, म्हणजे अगदी लहान रोध. फ्लोट (भरलेली बॅटरी भरलेली ठेवणं) आणि बूस्ट (उतरलेली लवकर भरणं) यांसाठी एक टॉगल स्विच. फ्लोट २७.० व्होल्ट, म्हणजे सेलमागे २.२५. बूस्ट २८.८, म्हणजे सेलमागे २.४.

२४ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे २४० वॅट, मग ट्रान्सफॉर्मर ५०० व्हीएचा कशाला, असं रिवाइंडिंगवाले हमखास विचारतात. बॅटरीत करंट सलग जात नाही. सेकंडरीचा व्होल्टेज बॅटरीच्या वर चढतो तेवढ्या वेळातच, टोकदार झोतांत जातो. मीटर सरासरी दाखवतो, तांबं आरएमएसने (उष्णतेच्या हिशेबाचं मूल्य) तापतं, आणि अशा चार्जरमध्ये आरएमएस सरासरीच्या दीडपटीहून जास्त भरतो. १० अँपिअर सरासरी असेल तर सेकंडरीत साधारण १५ ते १६ अँपिअर आरएमएस. त्याला ३२ ने गुणलं की ५०० व्हीएचा हिशेब लागतो. ३०० व्हीएच्या कोअरवर 'तेवढंच' गुंडाळून देणारे भेटतात, त्यांच्यापासून सावध.

बंद करण्याआधी

बिघडलेलं यंत्र पाहिलं की पहिला हात स्विचकडे जातो. इथे उलट करावं. धोका दिसत नसेल, जळका वास किंवा धूर नसेल, तर आहे त्या अवस्थेतली मापं आधी घ्यावीत. ती पुन्हा मिळत नाहीत.

पंपरूमचं तापमान ३३ अंश. टॉगल फ्लोटवर. बॅटरीवर ३०.६ व्होल्ट, म्हणजे सेलमागे २.५५. फ्लोटवर असताना हा आकडा बूस्टच्याही वरचा आहे. पॅनेलवरचा काटाही ३० च्या पुढे होता. पण लॉगबुकात रकाना एकच, 'चार्जर चालू', आणि त्यात रोज 'ओके'. करंट ७ अँपिअर. बॅटऱ्या तासन्‌तास फ्लोटवर असताना तो एक अँपिअरच्याही खाली असायला हवा.

मग तीन मापं, ज्यांनी तपासाची दिशा ठरवली.

पहिलं, बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून फ्रिक्वेन्सीचं बटण. पूर्ण ब्रिज चालू असेल तर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, १०० हर्ट्झ. इथे ५०. म्हणजे एसीच्या दोन अर्ध्यांपैकी एकच अर्धा बॅटरीपर्यंत पोहोचत होता. हे माप घ्यायला अर्धा मिनिट लागतो, साधा मीटर पुरतो आणि काही उघडावं लागत नाही. एससीआर चार्जर तपासताना याने सुरुवात केली तर पुढचे कित्येक तास वाचतात.

दुसरं, एसी-डीसी दोन्ही मोजणारा टाँग टेस्टर डीसीवर ठेवून, शून्य करून, ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या एका तारेभोवती. ट्रान्सफॉर्मरच्या तारेत डीसी जवळपास शून्य असायला हवा, कारण दोन अर्धे एकमेकांना खोडतात. इथे ६.९ अँपिअर. बॅटरीत जाणारा सगळा करंट एकाच दिशेने सेकंडरीतून वाहत होता. नुसता एसी मोजणारा टाँग टेस्टर इथे उपयोगाचा नाही.

तिसरं, प्रायमरीचा करंट, ट्रू आरएमएस: ३.१ अँपिअर. पूर्ण भाराला ५०० भागिले २३०, म्हणजे २.१७ यायला हवा. ३ अँपिअरचा फ्यूज का जात होता ते इथेच कळतं. तो त्याचं काम करत होता. ६ चा बसवल्यावर सोसायटीची कटकट थांबली, ट्रान्सफॉर्मरची सुरू झाली.

चार्जर बंद केल्यावर लगेच, अर्ध्या मिनिटाच्या आत, प्रायमरीच्या दोन्ही तारा सोडवून तिचा रोध घेतला: ३.२२ ओहम. दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर पूर्ण थंड, ३१ अंशांवर असताना तोच रोध २.४० ओहम. तांब्यासाठीचं सूत्र सोपं आहे: गरम रोध भागिले थंड रोध, गुणिले २३५ अधिक थंड तापमान, वजा २३५. इथे ३.२२ भागिले २.४० गुणिले २६६, वजा २३५, म्हणजे १२२ अंश. ही वाइंडिंगची सरासरी. आतला सर्वांत गरम भाग याहून वर असणार. बी वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा १३० अंश. वेळ थोडीच उरली होती.

इंजिनाला बॅटरी नसणं म्हणजे इमारतीला डिझेल पंप नसणं. म्हणून जुन्या बॅटऱ्या सोडवण्याआधी दुसऱ्या दोन भरलेल्या आणून ठेवल्या, सेक्रेटरींना लेखी कळवलं आणि वॉचमनच्या केबिनमध्ये पाटी लावली. काढण्याचा क्रम ठरलेला: आधी चार्जर बंद, मग दहा मिनिटं पंखा लावून हवा खेळू द्यायची, मग निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. उकळत्या बॅटरीवर हायड्रोजन साचलेला असतो. चालू चार्जरचा क्लिप ओढला की ठिणगी पडते.

ट्रान्सफॉर्मर एकटा

सेकंडरीच्या तारा ब्रिजपासून सोडवल्या, खुणा लावल्या. ट्रान्सफॉर्मरला दोष द्यायचा तर तो एकटा असताना द्यावा. पुढे ब्रिज जोडलेला असेल तर लक्षण कुणाचं ते ठरवता येत नाही.

आधी सीरिज लॅम्प. १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब प्रायमरीच्या सीरिजमध्ये, सेकंडरी उघडी. चालू करताना बल्ब क्षणभर चमकला आणि विझल्यासारखा झाला. आत वेढे शॉर्ट असते तर बल्ब पेटलेला राहिला असता. एलईडी दिवा यासाठी चालत नाही, त्याने काहीच कळत नाही. फिलामेंटचे बल्ब आता गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत, लोहार चाळीत विचारावं.

मग डिमरस्टॅटवरून हळूहळू व्होल्टेज चढवून नो-लोड, म्हणजे भार नसतानाचा, करंट. २३६ व्होल्टला ०.१९ अँपिअर आणि १० वॅट. २५० ला ०.२३, २६५ ला ०.३१. करंट वाढतो पण उसळी मारत नाही, म्हणजे कोअरला वरती जागा आहे. पंपरूममध्ये रात्री २४१ व्होल्ट मिळतात, तिथे काळजी नाही. एक तास असाच ठेवल्यावर कोअर जेमतेम कोमट. सेकंडरी ३४.४ व्होल्ट, गुणोत्तर ६.८६, बरोबर.

वेढे किती हे प्लेटवर नव्हतं. बॉबिन आणि कोअरच्या फटीतून बारीक तारेचे दहा वेढे घातले. त्यावर ५.१३ व्होल्ट आले, म्हणजे वेढ्याला ०.५१३. त्यावरून प्रायमरी ४६०, सेकंडरी ६७. हे दोन आकडे पुढे कामाला येणार आहेत.

सेकंडरीचा रोध साध्या मल्टिमीटरने घेऊ नये, प्रोबचाच रोध त्याहून जास्त असतो. बेंच सप्लायमधून २ अँपिअर डीसी सोडून वाइंडिंगच्या अगदी टोकांवर मिलिव्होल्ट मोजले: ९४. म्हणजे ०.०४७ ओहम. प्रायमरीच्या २.४० ला गुणोत्तराच्या वर्गाने भागलं तर ०.०५१ येतो. दोन्ही वाइंडिंगमधलं तांबं जवळपास सारखं वाटलं गेलं आहे, म्हणजे गुंडाळणाऱ्याने हिशेबाने काम केलं आहे.

शॉर्ट-सर्किट चाचणीत सेकंडरी जाड पट्टीने शॉर्ट करून डिमरस्टॅट शून्यापासून चढवला. १३ व्होल्टला सेकंडरीत १५.६ अँपिअर, वॅटमीटर २३ वॅट. या चाचणीत डिमरस्टॅटची मूठ अंदाजाने फिरवायची नसते. एका झटक्यात ५० व्होल्ट गेले तर सेकंडरीत ६० अँपिअर उतरतात.

मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) गोंधळ होऊ शकला असता. ५०० व्होल्टच्या मेगरवर प्रायमरी ते कोअर फक्त ६ मेगाओहम, प्रायमरी ते सेकंडरी ९. एवढ्यावरून 'इन्सुलेशन गेलं' म्हणायला कोणी मागेपुढे पाहिलं नसतं. पण ते जुलैचं तळघर होतं, भिंतींना ओल, आणि ट्रान्सफॉर्मर रात्रभर थंड पडलेला. बंद पेटीत ६० वॅटचा बल्ब लावून रात्रभर ठेवला. दुसऱ्या सकाळी खोलीच्या तापमानाला आल्यावर तेच माप २०० मेगाओहमच्या वर. मुंबईच्या पावसाळ्यात वाळवल्याशिवाय घेतलेलं मेगरचं माप निकाल म्हणून धरू नये. वाळवूनही १ मेगाओहमच्या खाली राहिलं तर मात्र तो ट्रान्सफॉर्मर बाद. मेगर लावण्याआधी एमओव्ही (व्होल्टेजची उसळी गिळणारा भाग) आणि कार्ड सोडवायला विसरू नये. एमओव्ही माप खाली ओढतो आणि कार्ड मरतं.

शेवटी भारावर तीन तास. सेकंडरीला थेट रोध जोडून १५.६ अँपिअर एसी. प्रायमरीचा रोध २.४० वरून २.८६ वर, म्हणजे ८२ अंश. पूर्ण भाराला ८२, आणि चार्जरमध्ये ७ अँपिअरला १२२. हा फरक ट्रान्सफॉर्मरच्या आत नव्हता.

घुंई कसली हेही इथे सुटलं. स्टॅम्पिंग, म्हणजे कोअरचे पत्रे, सैल असेल तर आवाज नो-लोडलाही तेवढाच येतो आणि बोल्ट आवळला की कमी होतो. हा ट्रान्सफॉर्मर नो-लोडला शांत, रोधाच्या भारावरही शांत. ब्रिज जोडला की गुरगुरायचा. चांगल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १०० हर्ट्झची. कोअरमध्ये डीसी शिरला की तिच्यात ५० हर्ट्झचा जाडा स्वर मिसळतो, सवयीच्या कानाला तो वेगळा कळतो.

कार्डाची परीक्षा

एससीआर आधी. गेट ते कॅथोड मल्टिमीटरवर एकाचा २८ ओहम, दुसऱ्याचा २६. दोन्ही जवळपास सारखे, कोणताही उघडा किंवा शॉर्ट नाही. मग १२ व्होल्टची बॅटरी, सीरिजमध्ये गाडीचा २१ वॅटचा बल्ब, ॲनोड पॉझिटिव्हला. गेटला १०० ओहममधून क्षणभर पॉझिटिव्ह दाखवला की बल्ब पेटायला हवा आणि गेट सोडल्यावरही पेटलेला राहायला हवा. दोन्ही उतरले. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर ही परीक्षा होत नाही, एवढा मोठा एससीआर धरून ठेवायला तिचा करंट पुरत नाही.

म्हणजे दोन्ही एससीआर धडधाकट, तरी एक चालत नव्हता. उरला पल्सचा रस्ता.

कार्ड तपासायची सुरक्षित पद्धत अशी की बॅटरी आणि मुख्य ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूला ठेवायचे. कार्डाला त्याचा छोटा ट्रान्सफॉर्मर जोडून पुरवठा द्यायचा, आणि सेन्सच्या तारांना बॅटरीऐवजी ० ते ३२ व्होल्टचा बेंच सप्लाय. कार्डाला वाटतं समोर बॅटरी आहे. आपण तिचा व्होल्टेज हवा तसा फिरवतो आणि गेटवरच्या पल्स स्कोपवर पाहतो. चार्जर बॅटरीसकट चालू ठेवून पॉट (सेटिंगचा फिरता रोध) फिरवत बसलं तर एक माप घ्यायला अर्धा तास लागतो आणि बॅटरीच्या प्रकृतीप्रमाणे उत्तर बदलतं.

कार्डाचे पुरवठे +१२.० आणि −११.९, ठीक. सेन्सला २४ व्होल्ट दिले. पहिल्या गेटवर स्वच्छ पल्स, दुसऱ्यावर काहीच नाही. पल्स ट्रान्सफॉर्मर हलवला तर क्षणभर आली आणि गेली. कार्ड उलटून भिंगाखाली पाहिलं: पल्स ट्रान्सफॉर्मरच्या एका पिनभोवती सोल्डरला गोल तडा. हा पहिला बिघाड. जड भाग कार्डावर फक्त पिनांच्या आधाराने उभा, वर थरथरणारं कॅबिनेट, आणि रोजचं तापणं-निवणं. तडा इथेच जायचा.

आता दुसरा. तो जोड सांधून पल्स परत आणल्यावर सेन्सचा व्होल्टेज हळू वाढवला. २६.६ ला पल्स मागे सरकू लागल्या, २७.१ ला नाहीशा झाल्या. फ्लोटचं सेटिंग अगदी जागेवर. इथे कार्ड पास करून मोकळं होण्याचा मोह होतो. पण बॅटरीवर ३०.६ व्होल्ट मोजलेले होते, आणि सेटिंग बरोबर असेल तर ते आले कुठून याचं उत्तर मिळालेलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने कार्डावर भाग-भाग टिचकी मारत गेलं. फ्लोटच्या प्रीसेटवर (सेटिंगचा छोटा पॉट) टिचकी बसली आणि पल्स नाहीशा होण्याचा बिंदू २७.१ वरून ३०.५ वर गेला. आणखी एक टिचकी, परत २७.१.

प्रीसेट उघड्या कार्बनचा, एका फेऱ्याचा, साधा. समुद्र जवळ, तळघराची दमट हवा, शेजारी ॲसिडची वाफ. वायपरखाली, म्हणजे त्याच्या सरकत्या संपर्काखाली, गंज धरला होता. मोजल्यावर वायपरच्या संपर्कात १३ किलोओहमच्या आसपास रोध. वायपरच्या पुढे ग्राउंडला १०० किलोओहमचा रोध लावलेला होता. दोन्हींची विभागणी होऊन एलएम ३२४ ला खऱ्याच्या ८८ टक्केच व्होल्टेज दिसत होता. २७ भागिले ०.८८५, म्हणजे ३०.५. मोजलेल्या आकड्याशी हिशेब जुळला.

करंट लिमिटसाठी शंटच्या तारांना मिलिव्होल्ट दिले. १० अँपिअर म्हणजे ५० मिलिव्होल्ट. ५१ ला पल्स मागे हटल्या. तिथे काही करायचं नव्हतं.

दोन बिघाड एकमेकांना कसे पोसत होते

वायपर सैल झाला की कार्ड समजायचं बॅटरी उपाशी आहे, आणि करंट वाढवायचं. दुसरा एससीआर बंद असल्यामुळे तो सगळा करंट एकाच अर्ध्यातून जायचा. सरासरी तीच ठेवायची तर प्रत्येक झोत दुप्पट मोठा, म्हणून आरएमएस १.४१ पट आणि सेकंडरीतली उष्णता दुप्पट.

पण खरा मार कोअरला. ६.९ अँपिअर डीसी गुणिले ६७ वेढे म्हणजे सुमारे ४६० अँपिअर-वेढे, सतत एका दिशेने. नो-लोडला कोअर चुंबकित करायला लागतात ०.१९ गुणिले ४६०, म्हणजे सुमारे ८७ आरएमएस. शिखर याच्या दुप्पट धरलं तरी डीसीचा रेटा त्याच्या अडीचपट. डीसी प्रायमरीत उतरत नाही, त्यामुळे तिथून त्याला तोलणारं काही नाही. कोअर एका बाजूला सरकून संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि प्रायमरी दर सायकलच्या एका अर्ध्यात मोठा टोकदार करंट ओढते. ३.१ अँपिअर, गुरगुर, फ्यूज आणि १२२ अंश, सगळं यातूनच.

एकच बिघाड असता तर? फक्त प्रीसेट बिघडला असता तर बॅटऱ्या उकळल्या असत्या, पण ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारापेक्षा कमीच तापला असता. फक्त सोल्डर तुटला असता तर रेग्युलेटरने दुसऱ्या अर्ध्यातून २७ व्होल्ट सांभाळले असते. फ्लोटचा अर्धा अँपिअर डीसी कोअरने सोसला असता आणि कित्येक महिने कोणाला पत्ता लागला नसता. दोन्ही एकत्र आल्यामुळे गोंगाट झाला.

बॅटरीच्या पाण्याचाही हिशेब लागतो. भरलेल्या बॅटरीत गेलेल्या प्रत्येक अँपिअर-तासाला एका सेलमधलं सुमारे ०.३४ मिलिलिटर पाणी वायू होऊन जातं. ७ अँपिअर, २४ तास, १२ सेल: दिवसाला जवळपास ६८० मिलिलिटर. वायपर अधूनमधून जागेवर येत होता म्हणून आठवड्याला पाणी घालून भागत होतं.

दुरुस्ती

पल्स ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या पिनांचं जुनं सोल्डर ओढून काढून नवं भरलं, नुसतं वरून तापवलं नाही. तो कार्डाला नायलॉनच्या पट्टीने बांधला. दोन्ही प्रीसेट बदलून बंद घराचे, बहुफेऱ्यांचे सरमेटचे (धातू-सिरॅमिकचे) बसवले. लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात आणि चार्जरच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत.

याहून महत्त्वाचा बदल १०० किलोओहमच्या त्या रोधाचा. तो ग्राउंडला होता म्हणून वायपर सुटला की कार्ड बॅटरी कमी भरली आहे असं समजायचं. तो तिथून काढून वायपर आणि प्रीसेटचं वरचं टोक यांच्यात लावला. आता वायपर सुटला तर एलएम ३२४ ला व्होल्टेज जास्त दिसेल आणि चार्जिंग बंद पडेल. बंद पडलेला चार्जर लो-व्होल्टेजच्या अलार्मने कळतो, उकळणारा बॅटऱ्या मेल्यावर कळतो. बदलानंतर वायपरची पिन मुद्दाम उघडी करून पाहिली, पल्स थांबल्या. त्याचा पूरक म्हणून २४.० व्होल्टचा अलार्म वॉचमनच्या केबिनमध्ये नेला. हा अलार्म नसेल तर हा बदल करू नये.

फ्यूज परत ३ अँपिअरचा, पण स्लो-ब्लो. ५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर दहापटीने करंट ओढू शकतो, तिथे साधा फ्यूज विनाकारण जातो आणि मग लोक जाड घालतात.

सेटिंग: फ्लोटचे २७.० हे २७ अंशांसाठी. पंपरूम ३३ वर असते. सेलमागे, अंशामागे ३ मिलिव्होल्ट कमी, म्हणजे १२ गुणिले ६ गुणिले ०.००३, साधारण ०.२. म्हणून २६.८. सेन्सच्या तारांचे बॅटरीकडचे लग नवे, टिनचे, वर पेट्रोलियम जेली.

बॅटऱ्या वाचल्या नाहीत. एकीच्या एका सेलची ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) १.०८०, बाकीच्यांची १.२३० च्या आसपास. दुसरी बरी होती, तरी जोड एकत्रच बदलला. सीरिजमध्ये जुनी-नवी एकत्र ठेवली तर फ्लोटचा व्होल्टेज त्यांच्यात सारखा वाटला जात नाही, आणि चार्जरला ते दिसतही नाही. एकाच बॅटरीवरून कुणी १२ व्होल्टचा दिवा किंवा घंटा काढलेली नाही ना हेही बघितलं. बऱ्याच पंपरूममध्ये ती निघते, इथे नव्हती.

सगळं जोडून २४ तासांनी: बॅटरीवर २६.८ व्होल्ट, करंट ०.४ अँपिअर, रिपल १०० हर्ट्झ, सेकंडरीच्या तारेत डीसी ०.१ च्या आत, प्रायमरी ०.३ अँपिअर, ट्रान्सफॉर्मरला हात टेकवून ठेवता येतो. मुद्दाम इंजिन फिरवलं तेव्हा क्रँकिंगला व्होल्टेज २१.४. तो १९ च्या खाली गेला तर बॅटरी किंवा केबल संशयित.

लॉगबुकातला 'चार्जर चालू' हा रकाना काढून चार रकाने केले: बॅटरीचा व्होल्टेज, करंट, दोन बॅटऱ्यांचा वेगवेगळा व्होल्टेज, आणि महिन्यातून एकदा रिपलची फ्रिक्वेन्सी. पॅनेलच्या व्होल्टमीटरवर २६.५ आणि २७.५ ला लाल खुणा. एक काम बाकी ठेवलं आहे: कार्डावर अवलंबून नसलेला, स्वतःच्या सेन्स-तारांचा ओव्हर-व्होल्टेज रिले, ३० व्होल्टला दहा सेकंदांनी चार्जरचा एसी तोडणारा. तो बसवल्यावर बेंच सप्लायवरून ३० व्होल्ट देऊन खरंच तोडतो का, हे जानेवारीच्या फॉर्म बीच्या आधी बघायचं आहे.